मधुकरकाका, त्या जेवणात मी खोटं बोलले

मधुकरकाका, नाव आधी तुमचंच घेते. नववी नापास बाईच्या हातात टेस्टर कोणी दिला, इंग्रजीतलं पहिलं पुस्तक तिच्याकडून शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचून घेतलं, या देशात तिला स्वतःच्या कामावर कोणी उभं केलं, असं कुणीही विचारलं तर माझ्याकडे एकच नाव आहे. मधुकरकाका, एडिसन गावात राहणारे, मूळ नागपूरचे, आयटीआय झालेले वायरमन. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझं काही खरं नाही.

गेल्या आठवड्यात, मंगळवारी, तुम्ही गेलात. मी जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर होते, भिंतीतल्या बॉक्समध्ये हात घालून. काकूंचा फोन आला. त्या दोनच शब्द बोलल्या आणि मी म्हटलं, "काकू, हातातलं संपवते आणि निघते." आणि खरंच संपवलं हो. चार वायरी राहिल्या होत्या, त्या जोडल्या, झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, आणि मग जिन्यात जाऊन बसले. तुम्हाला याचा राग आला नसता. उघडा बॉक्स तसाच सोडून पळाले असते तर आला असता.

आज बुधवार. हे मी कंपनीच्या व्हॅनमध्ये बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, डबा मांडीवर उघडा पडलाय, घास जात नाही. एका जागी बसवतच नाही मला सध्या. चार ओळी लिहिते, उतरते, व्हॅनभोवती चक्कर मारते, परत येते. समोरच्या बिल्डिंगमधून गळ्यात आयकार्ड घातलेली आपली मुलं कॉफी आणायला बाहेर पडतात, मराठीत बोलत जातात, आणि माझ्या हेल्मेटकडे बघून त्यांना वाटत नाही की हिलाही मराठी कळत असेल.

परवा शुक्रवार. शुक्रवारी पाच वाजता फॉर्मची मुदत संपते. इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपचा फॉर्म, तुमच्या नातीचा, मैत्रीचा. ज्याच्यासाठी तुम्ही घरात भांडलात, आणि ज्याच्यावर मी भरल्या ताटावर बसून पाणी ओतलं. तो भरला जाणार की नाही हे मला आत्ता, हे लिहिताना, माहीत नाही.

तुम्ही मला कसं उचललंत ते लोकांना खोटं वाटतं. एप्रिलमधला जयंतीचा कार्यक्रम, भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल. मी तेव्हा ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात पोळ्या लाटायची, आणि त्या दिवशीही जेवणाच्या टेबलामागेच उभी होते. भाजी गरम ठेवायची भांडी, कॉफीचं पिंप आणि माइक, सगळं कुणीतरी एकाच भिंतीवर लावलं होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि ती भिंतच बंद पडली. सूट घातलेले आठदहा जण माइकभोवती गोळा होऊन चर्चा करू लागले. मी दोन भांड्यांचे प्लग काढले, लांब वायर ओढून पलीकडच्या भिंतीवर लावले, आणि शाळेच्या माणसाला खुणेने सांगितलं, आता बटण वर कर.

तुम्ही हातात ताट घेऊन बघत होतात. "काऊन वं पोरी, तुले कसं समजलं?"

"आमच्या गावात लग्नात असंच व्हायचं. मिक्सर आणि माइक एका बोर्डावर लावला की नवरदेवाचं नाव अर्धंच ऐकू यायचं."

तुम्ही इतके मोठ्याने हसलात की भन्तेजींनी मान वळवून पाहिलं. मग विचारलंत, "शिक्षण?"

"नववी," मी नेहमीसारखं हळू म्हटलं.

"पास का नापास?"

"नापास. गणितात."

"बरं झालं. पास झालेले सगळे कॉम्प्युटरवर जाऊन बसले."

त्या दिवशी मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पुढच्या रविवारी काकूंचा फोन आला, की हे वाट बघतायत, वही घेऊन ये. दोन वर्षं, दर रविवारी सकाळी, तुमच्या जेवणाच्या टेबलावर. अप्रेंटिस व्हायचं तर आधी इथल्या हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा पास व्हावी लागते, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंच नाही. सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या रविवारी आले नसते, हे तुम्ही ओळखलं होतं.

गणित मला टेबलावर आलंच नाही. ते आलं तुमच्या गॅरेजमध्ये. तुम्ही लोखंडी पाइप पुढ्यात टाकलात आणि म्हणालात, हा एवढा उचलून भिंतीवर न्यायचाय, कुठे वाकवशील? मी अंदाजाने वाकवला आणि वाया घालवला. दुसरा दिलात. तोही वाया. मग खडूने खाली जमिनीवर त्रिकोण काढलात. "तीस अंशात वाकवायचा असला तर उंचीले दोननं गुण. पंचेचाळीस असला तर एक पॉइंट चारनं. आता काऊन ते सांग मले." मी तासभर त्या त्रिकोणाकडे बघत उकिडवी बसले होते. हाच तो त्रिकोण, ज्याने मला शाळेतून घरी पाठवलं होतं. तालुक्याच्या शाळेला जायला एसटी दोनदाच यायची, आणि नापास मुलीसाठी ती कशाला पकडायची असं घरात ठरलं. तिसरा पाइप भिंतीला बरोबर टेकला. तुम्ही काकूंना हाक मारून चहा सांगितलात, आणि तोही 'दोन कप' नाही म्हणालात, 'इलेक्ट्रिशियन लोकांसाठी चहा' म्हणालात.

आणि ते बुटांचं. अजून हसू येतं आणि लगेच हसू जातं. तुमच्याबरोबर पहिल्यांदा मराठी माणसांच्या घरी गेले, बेसमेंटचं काम होतं. दारात चपलांचा स्टँड, आत समोरच देवघर. मी कामाचे बूट काढले, मोजेसुद्धा काढले, आणि पाहुण्यासारखी आत गेले. खाली कार्पेट उचललेलं होतं, आणि कार्पेटखाली भिंतीच्या कडेने खिळ्यांची पट्टी असते हे मला कुठे माहीत? पाय रक्ताने भरला. तुम्ही मला गाडीत घालून इंजेक्शन द्यायला नेलंत आणि रस्ताभर तोंड सोडलंत.

"बूट काऊन काढले?"

"घरात बूट घालून कसं जायचं, काका?"

"ते त्यांच्यासाठी घर. तुझ्यासाठी साइट हाये."

"समोर देव होते."

"मग? तुझा पाय फुटलेला पाहून देवाले बरं वाटलं?" आणि मग सिग्नलला थांबल्यावर, जरा शांतपणे, "तुले कोणी सांगितलं होतं काय, काढ म्हणून?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवसापासून तुमच्या व्हॅनमध्ये बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्यांचं खोकं आलं.

सुट्टी संपली. वर जाते. उरलेलं नंतर लिहीन.

संध्याकाळचे पाच वाजलेत. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळालीय, पण ढोपर हलतंय सारखं, शेजारची बाई दोनदा बघून गेली. मैत्रीचं लिहायचंय. दर वर्षी मैत्रीच्या हायस्कूलमध्ये पालकांना आणि मुलांना वेगवेगळे व्यवसाय दाखवायचा कार्यक्रम असतो. तुम्ही तिथे घडीचं टेबल आणि प्लायवुडचा एक बोर्ड घेऊन जायचात. बोर्डावर एक बल्ब आणि दोन स्विच. जिन्याला असते तशी वायरिंग, खालूनही लागतो आणि वरूनही बंद होतो. वायरी मोकळ्या ठेवलेल्या, मुलांनी जोडून बघाव्यात म्हणून. गेल्या वर्षी मला बरोबर नेलंत. शेजारच्या टेबलावर एका बँकेची पेनं फुकट होती, तिथे रांग होती. आपल्याकडे पहिल्या तासात तीन मुलं आली. दोघांनी बाथरूम विचारलं. तिसऱ्याने बोर्डाला हात लावला आणि त्याच्या आईने त्याला खांद्याला धरून वळवलं. मग तिने तुम्हाला ओळखलं. "अय्या, काका, तुम्ही? इथे लाइट बसवायला आलात का?"

"हो ना," तुम्ही म्हणालात, "तुमच्या मुलाच्या डोक्यात."

ती हसली आणि निघून गेली. मी टेबलाखाली वाकून बॅगेत काहीतरी शोधत होते. काही शोधत नव्हते, काका. ती बाई आमच्या दुकानात पोळ्या न्यायला यायची, तिने मला बघू नये म्हणून वाकले होते. तुम्ही पाहिलंत. तुम्ही म्हणालात, "सापडलं काय?"

आणि तेवढ्यात मैत्री आली. शाळेची मदतनीस म्हणून गळ्यात रिबीन घालून फिरत होती. तिच्या मैत्रिणी मागे उभ्या. मला वाटलं आता ही आजोबांना लांबून हात हलवेल आणि सटकेल. ती खुर्ची ओढून बसली. "आजोबा, हाउ डज इट नो?" म्हणजे खालच्या स्विचला कसं कळतं की वरच्याने काय केलंय. तुम्ही म्हणालात, जोडून बघ. तिने दोनदा चुकीचं जोडलं. मैत्रिणी कंटाळून गेल्या. तिसऱ्यांदा बल्ब लागला, तेव्हा तिने वर बघितलं ते तोंड मी विसरणार नाही. त्यानंतर ती शनिवारी आपल्याबरोबर यायला लागली. आधी टॉर्च धरायला, मग पॅनलच्या बटणांवर लेबलं लिहायला, मग भिंतीत वायर ओढायला. वायर ओढताना तिचं डोकं पूर्ण कोळ्याच्या जाळ्यात जायचं आणि ती म्हणायची, "धिस इज सो ग्रॉस, आय लव्ह इट."

तुम्ही मला सांगायचात, "आपल्या धंद्यात सगळे पांढऱ्या केसांचे उरले. लाइट गेली का अख्खं मंडळ मलेच फोन करते. पण पोरगं पाठवा म्हटलं तर कोणी नाही पाठवत." तेव्हा मला वाटायचं हा सगळा जगाबद्दलचा त्रागा आहे. तो एका मुलीपर्यंत येऊन थांबेल असं वाटलं नव्हतं.

ते जेवण. तीन रविवार झाले. तुमच्या मुलाकडे, मिलिंददादांच्या घरी, दुपारी. काकूंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या होत्या. मैत्रीला कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन मिळाली म्हणून जेवण, आणि त्याच जेवणात तुम्ही तो विषय काढलात. काढायला नको होता, असं आजही मला वाटतं. पण मुदत जवळ आली होती, आणि मैत्रीने तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की डॅडच्या मागे मी काही करणार नाही.

"बाबा, प्लीज," मिलिंददादा म्हणाले. "हे आपण परत डिस्कस करायचं नाही असं ठरलंय."

"डिस्कस कोण करून राहिलं? जेवतोय आपण. मैत्री, तू सांग तुझ्या बापाले."

"डॅड, आय ऑलरेडी टोल्ड यू."

"लोक त्या ॲडमिशनसाठी जीव टाकतात, यार."

"आन् तुझ्या ऑफिसातून दोनदा लोक काढले, ते कोण होते? गवंडी होते काय?"

मिलिंददादांनी वाटी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बाबा, माझे मार्क कमी आले की तुम्ही काय म्हणायचात? अभ्यास कर, नाहीतर माझ्यासारखा वायरी ओढशील. दर परीक्षेला म्हणायचात. मी घाबरून अभ्यास केला. पणजोबांना गावाने मेलेली ढोरं ओढायला लावली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आजोबा ते सोडून शहरात आले. तुम्ही आयटीआय केलं. मी इंजिनिअर झालो. आणि आता माझी मुलगी वायरी ओढणार, आणि मी टाळ्या वाजवू?"

तुम्ही ताटातली सांबारवडी दोनदा मोडलीत. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"वनिता, तू सांग याले. तुझं तू सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढं मोठं घर, एवढी शिकलेली माणसं, आणि मी त्यांच्या ताटात जेवत होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी काय सांगणार, दादा. मला शिकता आलं नाही म्हणून मी हे करते. शिकलेली असते तर कशाला केलं असतं. आमचं काय, हाताचं काम."

कुणी साडीला छान म्हटलं की जुनीच आहे म्हणायचं, कुणी भाजीला छान म्हटलं की आज मीठच कमी पडलंय म्हणायचं, तसं म्हटलं मी. आमच्या घरात मोठ्यांसमोर असंच बोलतात. समोरच्याने "छे छे, असं कसं" म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही. मिलिंददादांनी ते साक्षीसारखं घेतलं. "पाहा, बाबा," ते म्हणाले, आणि तेही मायेनेच म्हणाले.

मैत्री माझ्याकडे बघत होती. भिंतीत हात घालून "वनितामावशी, पुल!" म्हणून ओरडणारी मुलगी. "ओके. कूल," ती म्हणाली, ताट उचललं आणि आत गेली.

परत येताना तुम्ही मला घरी सोडलंत. गाडीत तुम्ही शनिवारच्या कामाचं बोलत होतात. माझ्या दारात गाडी थांबवून विचारलंत, "खरं होतं काय वं ते?"

"कोणतं?" मी म्हटलं. मला पक्कं माहीत होतं कोणतं.

तुम्ही परत विचारलं नाहीत. शनिवारी मी मेसेज केला की ओव्हरटाइम आहे. नव्हता. रविवारी दुपारी तुमचा फोन आला, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, स्क्रीनवर तुमचं नाव वाजत होतं आणि मी टॉवेलची घडी मोडून परत घालत राहिले. तुम्ही निरोप ठेवलात: "ते लांब ड्रिलचं पातं तुझ्याकडे हाये काय? बघ जरा." पातं तुमच्याच गॅरेजमध्ये आहे, काका, डाव्या भिंतीवर. तुम्हालाही ते माहीत होतं, नाही का? मी ठरवलं, सोमवारी करू फोन. सोमवारी ठरवलं, मंगळवारी.

माझं तुमच्याशीही भांडण आहे. ते आता कुठे नेऊ? मला गॅरेजमध्ये सांगायचात की पॅनलचं दार लावून पहिलं बटण वर करताना अजून छातीत धडधडतं. काम झालेल्या घरासमोरून मुद्दाम गाडी नेऊन, बघ, तो वऱ्हांड्यातला दिवा आपला, असं दाखवायचात. हे मिलिंददादांना कधी सांगितलंत? त्यांना फक्त भीती दाखवलीत, आणि तुमची आवड सगळी मला दिलीत. ते कोणत्या तोंडाने हो म्हणतील? त्यांना कामातलं काय माहीत आहे? तुमचे दुखणारे गुडघे.

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. तुम्हाला यशस्वी उद्योजक म्हणाले. समाजाचे आधारस्तंभ म्हणाले. शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणाले. सात माणसं बोलली आणि सातांपैकी एकानेही इलेक्ट्रिशियन हा शब्द उच्चारला नाही. जणू तुम्हाला काहीतरी आजार होता आणि तो झाकून ठेवायचा होता. मी तिसऱ्या रांगेत बसून नखं खात होते. आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर मी उभी राहिले. नवऱ्याने माझा पदर ओढला, त्याला वाटलं मी बाथरूमला निघाले.

काय बोलले ते सलग आठवत नाही. एवढं म्हटलं, की काका इलेक्ट्रिशियन होते. इथल्या निम्म्या घरांतले पॅनल त्यांच्या हातचे आहेत. मीही इलेक्ट्रिशियन आहे. त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलाच्या घरी जेवताना, मी म्हटलं होतं की शिकता आलं नाही म्हणून मी हे करते. ते खोटं होतं. मला शिकता आलं नाही हे खरं, पण जे शिकले ते सगळं हेच करताना शिकले, आणि सकाळी उठल्यावर मला कामावर जावंसं वाटतं. माझ्या नवऱ्याला विचारा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी घरातले स्विच उघडून बसते. लोक हसले. मी बसले. खाली बसल्याबरोबर मागच्या रांगेतल्या एका काकूंनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं सांत्वन करतायत. "छान बोललीस गं. आमच्या गॅरेजचा लाइट लुकलुकतोय, येशील का बघायला?"

तुम्ही असतात तर डायरीच काढली असतीत.

बाहेर पार्किंगमध्ये मिलिंददादा उरलेली पाण्याची खोकी गाडीत भरत होते. मी मदतीला गेले. चार खोकी ठेवून झाली.

"त्यांना आवडायचं?" ते एकदम म्हणाले. "म्हणजे खरंच आवडायचं?"

"हो, दादा."

"मला आज कळलं हे." मग पुढचं खोकं उचलत, "तुला भीती नाही वाटत? तो करंट, ती उंची?"

हो म्हणावं की नाही, मला कळेना. मैत्रीचा फॉर्म डोळ्यांसमोर होता. तरी म्हटलं, "वाटते. रोज वाटते. थंडीत बोटं फुटतात. माझ्या मजल्यावर चाळीस पुरुषांत मी एकटी बाई आहे, आणि त्यातल्या सगळ्यांचीच तोंडं चांगली नाहीत. हे मी मैत्रीलाही सांगितलंय."

"आणि तरी?"

"आणि तरी ती दुसऱ्या शनिवारी आली."

त्यांनी डिकी बंद केली. "माझ्या पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं, वनिता, तुला काय करायचंय म्हणून. ते मी विसरू?"

"नका ना विसरू," मी म्हटलं. "म्हणून तर मैत्रीला विचारा."

ते गाडीत बसले आणि गेले. मी जास्त बोलले का, काका? मला त्या दिवसापासून हेच वाटतंय. ज्या घराने मला दोन वर्षं चहा पाजला त्या घरच्या माणसाला, त्याचे वडील जाऊन पाच दिवस होत नाहीत तर, मी पार्किंगमध्ये शिकवायला गेले. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. आज नाही. मैत्रीला मेसेज करायला घेते आणि पुसते. तिने विचारलं, त्या दिवशी असं का बोललीस, तर काय सांगू? आमच्यात असंच बोलतात, हे तिला कुठल्या भाषेत समजावू?

गुरुवार. परत व्हॅन, परत डबा. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, मिलिंददादांचा फोन येऊन गेला. तुम्हाला सांगितल्याशिवाय वर जाववत नाही.

"वनिता, ती त्यांची परीक्षा असते ना, ॲप्टिट्यूडची. किती तास चालते?"

"अडीच-तीन तास, दादा."

"तिथे पार्किंग आहे का?"

"आत लॉट आहे. रस्त्यावर नका लावू, दंडाचं तिकीट देतात."

"मी बाहेर थांबेन. कॉल्स गाडीतूनच घेईन." मग, "तिने सकाळी फॉर्म भरला. माझ्यासमोर. ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येते का, ते कॉलेजला विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही, लक्षात ठेव. मी फक्त विचारलं तिला."

"हो, दादा."

"तिने मला पाऊण तास समजावलं. एका स्विचला दुसऱ्याचं कसं कळतं ते. मला अर्धंच कळलं." मग त्यांनी मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

म्हणजे फॉर्म गेला, काका. पुढचं काहीच माहीत नाही. शेकडो जण अर्ज करतात, घेतात थोड्यांना. गणित तिला येतं, मुलाखतीत ती फार भरभर बोलते. पास झाली तरी पहिल्या हिवाळ्यात उघड्या मजल्यावर उभी राहून रडेल, आणि मला फोन करेल, आणि तेव्हा मिलिंददादा मलाच धरतील. त्याचीही भीती आत्तापासून वाटायला लागलीय. फॉर्म गेला की मी शांत होईन असं वाटलं होतं. होत नाहीये.

मी तुमचं काही फेडलेलं नाही. हॉलमध्ये चार वाक्यं बोलले, ती दोन आठवडे उशिरा बोलले, आणि ज्यांनी ऐकायची ते तुम्ही नव्हतात. पण ऐका. अजून काही वर्षांनी मला माझं स्वतःचं लायसन्स काढायचंय, माझ्या नावाची व्हॅन. त्या दिवसापासून दर वर्षी एकीला मी कामाला घेईन. पोळ्या लाटणारी असेल, दुकानात काउंटरवर उभी असेल, आठवीतून घरी बसवलेली असेल, नाहीतर चांगली शिकलेली आणि हेच करायचंय म्हणणारी असेल. तिला मी आधी विचारीन, तुला काय करायचंय? आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घेईन. किती वर्षं लागतील माहीत नाही, पण हे देणं मी फेडीन, काका.